परतीचं तिकीट फक्त साहेबांना

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये विषय निघाला आणि मी बोलून बसलो, की बाबांच्या नव्या लॅपटॉपवरचं विंडोज ११ काढून मी विंडोज १० टाकलं होतं. टेबलावर क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, "म्हणजे नवी गाडी घेतलीस आणि तिला बैल जुंपलास!" सगळे हसले. मीही हसलो (हसायला काय जातंय). पण घरी येताना हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो आणि तेवढ्या वेळात डोकं व्यवस्थित तापलं. म्हणून हा वीकांताचा उद्योग.

आधी हसणाऱ्यांबद्दल. त्यातल्या एकाचा प्रोजेक्ट जावा ८ वर चालतो. जावा ८ आलं मार्च २०१४ मध्ये. दुसरा एका परदेशी बँकेचं कोबोल सांभाळतो, जे त्याच्या आजोबांच्या वयाचं आहे. तिथे क्लायंटला कोणी बैलगाडीवाला म्हणत नाही. तिथे त्याला "स्टेबल एन्व्हायर्नमेंट" म्हणतात आणि त्या स्टेबलपणाचं तासावर बिल लावतात. आमच्या क्लायंटने "नवीन व्हर्जन पुढच्या वर्षी बघू" म्हटलं की ती रिस्क मॅनेजमेंट, आणि माझ्या बापाने म्हटलं की तो मागासलेपणा. हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

आता बाबा. कराडला त्यांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दहाव्याची पत्रकं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, कधी एखादा गावपातळीवरचा दिवाळी अंक. छपाई शेजारच्याकडे होते, बाबा फक्त मॅटर लावून देतात. अठरा-वीस वर्षांच्या फाइली आहेत. एका घरातल्या थोरल्याची पत्रिका २००८ ची, धाकट्याची २०१५ ची आणि आता थोरल्याच्या मुलीची मुंज... म्हणजे साखरपुडा. माणसं येतात आणि म्हणतात, "मागच्या वेळी होतं तसंच करा, फक्त नावं बदला." बाबांचा निम्मा धंदा या "तसंच करा" वर चालतो.

हे "तसंच" कशात आहे? पेजमेकर ७ मध्ये, जे २००१ सालचं आहे आणि नंतर अडोबीने सोडूनच दिलं. कोरल ड्रॉच्या एका जुन्या व्हर्जनमध्ये. आणि एका मराठी पॅकेजच्या फाँटांमध्ये, जे युनिकोड नाहीत. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: या फाइलींमध्ये "क" हे अक्षर कुठेही लिहिलेलंच नसतं. तिथे कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि तो फाँट त्याला "क" चं सोंग देतो. फाँट गेला की "चि. सौ. कां." च्या जागी नुसता कचरा दिसतो. शिवाय त्या पॅकेजला एक "लॉक" लागतं, म्हणजे यूएसबीला लावायचं डोंगल. ते लावलं नाही तर की-बोर्ड मराठी उमटवत नाही.

दुकानातला जुना असेंबल्ड डेस्कटॉप ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. मदरबोर्ड. तुळशीचं लग्न तोंडावर, त्यानंतर लग्नसराई, आणि बाबा फोनवर म्हणतात, "घाई नाही रे, सवडीने बघ." त्यांची "घाई नाही" म्हणजे काय ते मला कळतं. मी ऑनलाइन शोधत बसलो तेवढ्यात त्यांनी कराडातल्याच ओळखीच्या दुकानातून एक लॅपटॉप आणलासुद्धा. बारावी जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज ११ होम. दुकानदाराने "सगळं सेट करून" दिला होता. या वाक्यावर पुढे येतो.

पहिली अडचण आली लॉकची. नव्या मशीनवर विंडोज ११ मध्ये "मेमरी इंटिग्रिटी" नावाचा पहारेकरी सहसा चालूच असतो आणि तो जुनाट ड्रायव्हरला आत घेत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने तो बरोबरच करतो. दोष लॉकवाल्यांचा, ज्यांनी वर्षानुवर्षं ड्रायव्हरला हात लावला नाही. त्यांना फोन केला. उत्तर: नवीन व्हर्जन घ्या. जुन्या फाइलींचं काय? "कन्व्हर्ट करून घ्या ना सर." अठरा वर्षांच्या फाइली, एकेक उघडून, जोडाक्षरं तपासत. बरं! मी तो पहारेकरी बंद केला आणि लॉक चालू झालं.

म्हणजे तांत्रिकदृष्ट्या विंडोज ११ वर काम होत होतं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर कोणीतरी शहाणा मला हाच तोडगा सांगायला येईल. चालत होतं. मग तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन.

"अरे, ती खालची पट्टी डावीकडे उभी कशी करायची?"

"होत नाही बाबा त्यात."

"आधी होत होती की."

"हो, पण यात काढून टाकलंय ते."

"कोणी?"

मी गप्प.

बाबांची ती पट्टी, म्हणजे टास्कबार, गेली पंधरा वर्षं डावीकडे उभी असते. कारण साधं आहे. पत्रिकेचं पान उभं, स्क्रीन आडवी, त्यात खालची पट्टी आणखी जागा खाते. पट्टी बाजूला नेली की पानाच्या चार ओळी जास्त दिसतात. दिवसातून दोनशे वेळा खाली-वर करणाऱ्या माणसाला चार ओळी म्हणजे मनगट वाचणं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ही सोय काढून टाकली होती. उघड्या खिडक्यांची नावं पट्टीवर सुटी सुटी दिसायची, तेही काढलं होतं. ते मग २०२३ मध्ये परत दिलं, "नवीन फीचर" म्हणून. आपलीच छत्री आपल्याला वाढदिवसाला भेट!

तुम्ही म्हणाल, पट्टीचं काय एवढं, सवय होते. होते ना. तुम्हाला-मला होते, कारण आपला पगार सवय होईपर्यंत चालू असतो. बाबांच्या दुकानात समोर माणूस उभा असतो आणि त्याला संध्याकाळच्या एसटीने पत्रिका घेऊन पाटणला जायचं असतं. एकोणसाठ वर्षांच्या माणसाच्या बोटांत जी पाठ झालेली जागा असते तीही एक इन्स्टॉल केलेली गोष्टच आहे आणि तिचा बॅकअप कुठल्याही क्लाउडवर नाही.

तर मी शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली आणि कराडला गेलो. परवान्याचा प्रश्न नव्हता. २०१९ मध्ये पहिल्या पगारातून मी बाबांच्या डेस्कटॉपसाठी विंडोज १० प्रोचं रिटेल पॅक घेतलं होतं. (त्याआधीचं सगळं कसं चालू होतं ते विचारू नका. तेव्हा कराडात असेंबल करणारा जो सीडी घेऊन यायचा तीच आमची मायक्रोसॉफ्ट.) रिटेल परवाना एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतो. डेस्कटॉप मेला, परवाना मोकळा.

आणि इथे मी माती खाल्ली. एका कंपनीत सहा वर्षं "डिप्लॉयमेंटच्या आधी बॅकअप घ्या" असं ज्युनिअर्सना सांगणाऱ्या मी, बाबांचं त्या आठ दिवसांतलं काम बाहेर काढण्याआधीच बायोसमध्ये शिरलो आणि सिक्युअर बूट बंद केलं. रिस्टार्ट. निळा स्क्रीन. बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय.

म्हणजे डिस्क एन्क्रिप्टेड होती. बाबांना कल्पना नाही, मला कल्पना नाही. विंडोज ११ होमवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की चालणाऱ्या हार्डवेअरवर हे आपोआप होतं आणि किल्ली त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. अकाउंट कोणाचं? आता ते "सगळं सेट करून" देणं आठवा. सेटअपला नेट आणि अकाउंट लागतंच म्हणून दुकानदाराने स्वतःच्या भाच्याचं एक ई-मेल टाकून मोकळं केलं होतं. रात्रीचे साडेअकरा. आत सात पत्रिका, त्यातल्या दोन सकाळी द्यायच्या. आणि त्या कपाटाची किल्ली कोण्या भाच्याच्या ई-मेलमध्ये, ज्याचा पासवर्ड भाच्यालाही आठवेल की नाही शंका.

आई चहा घेऊन आली आणि माझ्या तोंडाकडे बघून काही न विचारता ठेवून गेली.

दहा मिनिटांनी डोकं थंड झालं. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट जसं होतं तसं परत चालू केलं आणि मशीन निमूटपणे उघडलं. हुश्श! सगळ्यात आधी फाइली दोन पेन ड्राइव्हवर काढल्या. मग भाच्याचं अकाउंट, एन्क्रिप्शन, सगळं. चूक माझी होती, वाद नाही. दुकानदाराचीही. पण एक विचारतो: ज्याच्या नावाने बिल फाटलं त्याला कुलूप लावलेलंच माहीत नाही, अशी व्यवस्था रूढ कधी झाली? घर घेताना आपण किल्ल्या मोजून घेतो.

मग खरी कुस्ती. विंडोज १० च्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे बसवलेली असते, त्याचा ड्रायव्हर आधी पेन ड्राइव्हवरून भरवावा लागतो. लॅपटॉपवाल्या कंपनीच्या पानावर त्या मॉडेलचे ड्रायव्हर फक्त विंडोज ११ साठी. दुसरा पर्याय ड्रॉपडाउनमध्येच नाही. चिप बनवणाऱ्याच्या साइटवर तोच ड्रायव्हर मिळाला आणि त्यावर स्वच्छ लिहिलेलं, की विंडोज १० वर चालतो! पुढे, फर्मवेअरमध्ये होमची की पुरलेली असल्यामुळे इन्स्टॉलर न विचारता होमच टाकायला निघाला. त्याला ईआय डॉट सीएफजी नावाची चार ओळींची फाइल टाकून सांगावं लागलं, की बाबा रे, प्रो टाक. मग वाय-फाय नाही, फोनला केबल लावून नेट घेतलं. टचपॅड मेलेला, माउस शोधला. पहाटे चारला डेस्कटॉप दिसला.

काय गमावलं तेही सांगतो. बोटाच्या ठशाने उघडायची सोय गेली ती गेलीच. झाकण लावून ठेवलं की बॅटरी आधीपेक्षा जास्त उतरते. बाराव्या जनरेशनच्या प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, त्यांच्यात काम वाटून देणं विंडोज ११ ला जास्त चांगलं जमतं. पेजमेकरला त्याने घंटा फरक पडत नाही, पण नोंद असावी.

हा सगळा प्रकार आमच्या घराला नवा नाही. २००८ मध्ये मी पाचवीत असेन. बाबांच्या एका गिऱ्हाइकाने व्हिस्टावाला लॅपटॉप आणला होता आणि तो असेंबलवाला दुकानात बसून त्याच्यावर एक्सपी टाकत होता. तेव्हाही इन्स्टॉलरला डिस्क दिसत नव्हती. साटाचा ड्रायव्हर एफ-६ दाबून फ्लॉपीवरून द्यायचा आणि लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्हच नाही. मग एनलाइट नावाचं सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर सीडीतच शिवायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, निळा स्क्रीन आला की तो माणूस दर वेळी "आयला" म्हणायचा एवढं लक्षात आहे. सोळा वर्षांनी त्याच गावात त्याच कारणाने मी तेच म्हणत होतो.

आणि तेव्हाच्या लोकांनाही काही वेड लागलेलं नव्हतं. व्हिस्टा ग्राहकांसाठी आलं जानेवारी २००७ मध्ये. त्याआधी "व्हिस्टा कॅपेबल" असे स्टिकर लावून जे लॅपटॉप विकले गेले, त्यातल्या इंटेलच्या ९१५ चिपसेटवाल्यांवर व्हिस्टाचा नवा चकचकीत इंटरफेस चालतच नव्हता. यावर अमेरिकेत २००७ मध्ये दावा झाला आणि २००८ मध्ये आतले ई-मेल बाहेर आले. त्यात मायक्रोसॉफ्टच्याच एका उपाध्यक्षाने कबूल केलं होतं, की २,१०० डॉलर देऊन त्याच्या हातात ई-मेल वाचायचं यंत्र आलं. साहेबाची ही कथा, तर पाटणच्या गिऱ्हाइकाची काय! एक्सपी वाचवा म्हणून इन्फोवर्ल्डने चालवलेल्या मोहिमेवर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. तरी ३० जून २००८ ला एक्सपीची नेहमीची विक्री थांबली. फक्त छोट्या नेटबुकांना सवलत मिळाली, कारण व्हिस्टा त्यांना पेलवत नव्हतं.

आता माझ्या खऱ्या रागाचा मुद्दा. मागे जाण्याचा हक्क नाही असं नाहीये. हक्क आहे, परवान्यात लिहिलेला आहे, त्याला अधिकृत नावसुद्धा आहे: डाउनग्रेड राइट्स. व्हिस्टाच्या वेळी बिझनेस आणि अल्टिमेट घेणाऱ्याला एक्सपी प्रोफेशनलवर जाता येत होतं. होम बेसिक, होम प्रीमियमवाल्याला नाही. नव्या मशीनबरोबर विंडोज ११ प्रो आलं तर १० प्रो वापरायची मुभा. होमला नाही. ज्या कंपन्या घाऊक परवाने घेतात त्यांना तर वाटेल तितकं मागे जाता येतं. अठरा वर्षांत बाकी सगळं बदललं, हा नियम नाही बदलला. कंपनीच्या लॅपटॉपवर "जुनं व्हर्जन" ही पॉलिसी असते, घरच्या लॅपटॉपवर तोच गुन्हा. आम्हाला रिटेल पॅकने वाचवलं, पण तसं पॅक कराडात किती जणांच्या कपाटात असेल? जो लॅपटॉप विंडोज ११ घालूनच दुकानात येतो त्याला सेटिंगमधलं ते "गो बॅक" बटणसुद्धा कामाचं नाही. ते फक्त अपग्रेड केलेल्यांसाठी, आणि २०१५ मध्ये त्याची मुदत महिनाभर होती ती २०१६ मध्ये १० दिवसांवर आणली.

गंमत अशी की आपल्याकडे हा हक्क सगळ्यांना समान मिळाला तो फक्त लॅमिंग्टन रोडच्या सीडीमुळे. चोरीचं समर्थन करत नाही (आता नाही!). पण ज्या देशात वीस वर्षं लोकांनी मनाला येईल ते व्हर्जन तीनशे रुपयांत टाकून घेतलं, तिथे हा हक्क मागायची कोणाला गरजच वाटली नाही. आता मशीन ऑनलाइन असतं, की फर्मवेअरमध्ये असते, सीडीवाला दुकान बंद करून मोबाइल कव्हर विकतो. आणि मागायची सवय आपल्याला नाही.

"पण सिक्युरिटी?" हा प्रश्न येणार, आणि तो फालतू नाही. ज्याला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत असं मशीन नेटला जोडून त्यावर बँकिंग करणं हा मूर्खपणा आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. २०१४ नंतर एक्सपी नेटवर चालवणाऱ्यांचीही घेत नाही. फक्त दोन गोष्टी आठवून द्याव्याशा वाटतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा सगळ्यांनी एक्सपीला शिव्या घातल्या, प्रत्यक्षात लागण झालेली बहुतांश मशीन विंडोज ७ ची होती, जिचा पॅच दोन महिने आधीच आलेला होता. लावला नव्हता, एवढंच. म्हणजे जुनं-नवं यापेक्षा पॅच मिळतो का आणि लावता का, हा प्रश्न मोठा. आणि दुसरी गोष्ट त्याच वर्षीची. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पर्यंत सुरक्षा अपडेट द्यायचं वचन होतं, पण २०१७ च्या वसंतात केबी लेक आणि रायझन असे नवे प्रोसेसर असलेल्या मशीनवर ७ आणि ८.१ चे अपडेट अडवले गेले. भोक बुजवायचं औषध तयार होतं, मशीन नवं होतं म्हणून दिलं नाही. नवीन घर घेतलंस ना, मग जुन्या डॉक्टरकडे यायचं नाही! याला सुरक्षा म्हणायचं असेल तर म्हणा.

विंडोज १० चंही तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. त्यानंतरच्या वाढीव अपडेटची जी योजना जाहीर झाली ती बघा. कंपन्यांना तीन वर्षं, ऑक्टोबर २०२८ पर्यंत, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि दर वर्षी दुप्पट. घरच्यांना एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ३० डॉलर किंवा सेटिंगचा बॅकअप क्लाउडला देऊन फुकट. एटीएमसारख्या यंत्रांसाठी जी आयओटी एलटीएससी आवृत्ती आहे तिला तर जानेवारी २०३२ पर्यंत. म्हणजे पॅच लिहिणारे इंजिनिअर कामावर आहेत, पॅच तयार होणार आहेत, टेस्ट होणार आहेत. ते बाबांच्या मशीनवर चालतीलही. फक्त बाबांना मिळणार नाहीत. इथे "जुनं सांभाळायला खर्च येतो" हा युक्तिवाद मला सांगू नका, मी या धंद्यात आहे. बिल्ड एकदा झालं की त्याची प्रत पाठवायला काय लागतं ते मला माहीत आहे.

आणि हे दगडावरचं लिखाण आहे असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने दबाव आणल्यावर युरोपातल्या लोकांसाठी बॅकअपची अट काढून ते एक वर्ष फुकट करावं लागलं. भांडलं की मिळतं! आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टलसुद्धा काढलं. दुरुस्तीचा हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॅटरी आणि स्क्रू येतात. ड्रायव्हरची यादी येत नाही. मला फार काही नको. लॅपटॉपच्या खोक्यावर मागच्या कुठल्या व्हर्जनचे ड्रायव्हर मिळतील ते लिहा. होमवाल्याला प्रोइतकाच परतीचा हक्क द्या. आणि जोपर्यंत कोणालातरी पॅच विकताय तोपर्यंत तो त्याच किमतीत घरच्यालाही विका. फुकट म्हणत नाही मी. बाबांनी २०१९ नंतर एकही चोरीचं सॉफ्टवेअर वापरलेलं नाही, ते पैसे देतील.

लिनक्सवाल्या मित्रांनो, हात खाली घ्या. तुमचं बरोबर आहे, मी स्वतः घरी तेच वापरतो. तुम्ही मला पेजमेकर, ते फाँट आणि ते लॉक त्यावर चालवून दाखवा, एसटीचं भाडं आणि आईच्या हातचं जेवण माझ्याकडून. आणि अ‍ॅपलवाल्यांनी तर बोलूच नये. तुमच्या आयफोनला मागचं आयओएस टाकायला कंपनीची सही लागते आणि ती सही थोड्याच दिवसांत बंद होते. मॅक ज्या व्हर्जनसह जन्मला त्याच्या मागे जातच नाही. तुम्हाला तुरुंगाचं फर्निचर आवडलंय, एवढंच.

असो. २०२४-२५ ची लग्नसराई त्या लॅपटॉपवर पार पडली, पुढचीही. सहा महिन्यांनी स्पीकरचा आवाज गेला म्हणून बाबा सर्व्हिस सेंटरला गेले, तर काउंटरवरच्या पोराने स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "काका, ह्यात विंडोज १० का टाकलंय? आधी ११ टाकून आणा, मग बघू." स्पीकरची वायर निघाली होती. ती शेवटी शेजारच्या मोबाइलवाल्याने दोन मिनिटांत डकवून दिली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मी त्या एका वर्षाच्या योजनेत बाबांचं नाव घातलं. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच. या वेळी बाबांच्याच नावाने काढलं, पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला आणि वहीत लिहिला, रिकव्हरी की पण छापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. मग त्यांनी विचारलं, "हे कधीपर्यंत?" मी तारीख सांगितली. नवीन वर्षाचं कालनिर्णय घरी आलं त्या दिवशी त्यांनी ऑक्टोबरचं पान उघडून १३ तारखेच्या चौकोनात, दूधवाल्याच्या हिशोबाच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं: "लॅपटॉपची नेट वायर काढणे. मॅटर पेन ड्राइव्हवर घेणे." पट्टी अजून डावीकडेच आहे.